उष्ट्या ताटातला धोंडा

कारल्याच्या रसाची मला किळस आहे. रसाची थोडी आणि तो पाजणाऱ्यांची पुष्कळ. आजवर लोकांनी मला जेवढी कारली सुचवली तेवढी पिकवायची म्हटली तर निम्मा जालना तालुका मांडवाखाली जाईल. कचेरीत कुणी जांभळाच्या बियांची पूड वर्तमानपत्राच्या पुडीत बांधून आणतं, कुणी मेथ्यांचं बुळबुळीत पाणी बाटलीत भरून देतं, आणि एका साहेबांनी मला रोज सकाळी जे प्यायला सांगितलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. वर सगळ्यांचं वाक्य एकच: "गोड सोडा हो, आपोआप जाईल." हे सांगणाऱ्याच्या मिशीला बहुतेक वेळा चहाची साय लागलेली असते.

मला चौदाव्या वर्षी झाला तो टाइप वन मधुमेह. हा गोड खाऊन होत नाही आणि गोड सोडून जात नाही. शरीर इन्सुलिन बनवायचंच थांबवतं, मग ते बाहेरून घालावं लागतं, रोज, मरेपर्यंत. वीस वर्षं मी पोटाला, मांडीला सुया टोचून काढली. पाच वर्षांपूर्वी पंप बसवला. काड्यापेटीपेक्षा जरा मोठं यंत्र कमरेला असतं, त्यातून निघालेली बारीक नळी पोटाच्या कातडीत जाते आणि थेंबथेंब इन्सुलिन सोडत राहते. दंडाला एक बिल्ल्याएवढा सेन्सर, तो साखर मोजून यंत्राला कळवतो. यंत्र आल्यावर कारलेवाले जरा मागे हटले आणि दुसरी जमात पुढे आली: "आता मशीन आहे, आता काय, हाणा." या दोन्ही जमातींच्या पंगतीला बसलं की माझ्या तोंडाची चव जाते.

यंत्र बिचारं आज्ञाधारक आहे. मी जेवणाआधी सांगायचं की आता साठ ग्रॅम कार्ब खाणार, ते साठ ग्रॅमचं इन्सुलिन सोडणार. साठ खरंच आहेत का, हे बघायला ते ताटात डोकावत नाही. ते काम माझं. आमच्या ओट्यावर छोटा वजनकाटा आहे. ज्वारीची भाकरी, वाटीभर वरण, मूठभर भात, सगळं त्याच्यावर चढलेलं आहे. आता तर बायको तव्यावरून भाकरी उचलतानाच सांगते, "आज जड झाली, चाळीस धर." आणि ती बरोबर निघते. असं जेवलं की मी भाकरी-पिठलंही खातो, ठेचाही खातो आणि दिवाळीला मोजून दोन करंज्याही खातो. चांगलं खाणं म्हणजे माझ्या लेखी एवढंच, की ताटात काय आहे ते मला ठाऊक असावं.

म्हणून कुठल्याही स्वयंपाकघराकडून मला एकच गोष्ट हवी असते. खरं सांगा. साखर घातली तर घातली म्हणा, नाही घातली तर तेही सांगा. मला न सांगता घातली तर माझी साखर चढते, डोकं दुखतं, तीन-चार तासांनी मी ताळ्यावर येतो. उलटं झालं, म्हणजे आहे असं सांगून घातलीच नाही, तर आत गेलेलं इन्सुलिन रक्तात होती तेवढी साखरही खाऊन टाकतं. माणसाला दरदरून घाम फुटतो, जीभ जड होते, तो बरळायला लागतो आणि शेवटी पडतो. त्या वेळी कुणी तोंडात साखर घातली नाही तर तो उठेलच याची खात्री नाही.

माझी सासुरवाडी हसनाबादची. लग्नाआधी माझ्या वडिलांनी सासऱ्यांना सगळं स्पष्ट सांगितलं होतं. ते समंजस गृहस्थ होते, म्हणाले, "पोरीची हरकत न्हाई तर आमची बी न्हाई. फक्त चार भिंतींच्या आत राहू द्या." सासरे गेले, भिंती राहिल्या. सासूबाईंचं तर ब्रीदवाक्यच होतं, "झाकली मूठ सव्वा लाखाची, जावईबापू." कारण धाकटी मेव्हणी लग्नाची होती. थोरला जावई आजारी निघाला तर गाव काय म्हणणार, ते त्यांनी मला समजावून सांगितलं होतं. गाव म्हणणार, यांच्या पोरीतच खोट असेल म्हणून असला पत्करला, आणि थोरलीत असेल तर धाकटीतही असेल. हा हिशेब ऐकून मला शिसारी आली होती. पण मी तोंड उघडलं नाही, कारण मेव्हणी मला आवडते. ती मला दाजी म्हणते आणि मी गेलो की माझ्या चहात साखर किती ते न विचारता सांगते.

सुया होत्या तोवर हे लपवणं सोपं होतं. न्हाणीघरात जायचं, टोचायचं, यायचं. पंप चोवीस तास अंगावर असतो. मग मी हसनाबादला ढगळ सदरे घालायला लागलो. भर उन्हाळ्यातसुद्धा दंड झाकणाऱ्या बाह्या. माझ्या अंगावरचं यंत्र आणि मीच त्याला चोरून बघायचं, आपलीच मोरी अन् मुतायची चोरी म्हणतात ते हे.

अशात अधिक महिना आला. आमच्याकडे अधिकात जावयाला नारायण समजून जेवायला बोलावतात आणि धोंडे खाऊ घालतात. धोंडे म्हणजे कणकेच्या पारीत पुरण भरून उकडलेले गोळे, वर साजूक तूप. त्याच सुमारास मेव्हणीला धावड्याचं एक स्थळ चालून आलं होतं. मुलगा शिकलेला, घरची शेती, माणसं तोलामोलाची. स्थळ आणलं होतं सासऱ्यांच्या थोरल्या भावानं. बायको त्यांना मोठे बाबा म्हणते, म्हणून मीही. अधिकात लग्नाचं बोलत नाहीत, त्यामुळे धावडेकरांचा होकार महिनाभर लोंबकळत होता आणि तो महिनाभर घरात काही कमी-जास्त दिसू नये यासाठी सासूबाई डोळ्यांत तेल घालून बसल्या होत्या. मोठ्या बाबांना माझं काहीही ठाऊक नव्हतं. त्यांना कळलं म्हणजे धावड्याला कळलं.

मी आदल्या दिवशी सासूबाईंना फोन केला. "मामी, पुरणाला गूळ किती घालणार?"

"नेहमीवानी. डाळीला बराबर गूळ. सगळ्यांचे एकाच पातेल्यातले. तुमी बिलकुल चिंता करू नका."

ते शेवटचं वाक्य ऐकून मला संशय यायला हवा होता. पण बाईनं सरळ विचारलं त्याचं सरळ उत्तर दिलं म्हणून मला बरं वाटलं. मी आणि बायकोनं घरी एक धोंडा करून वजन केलं, आकडा काढला. पाच धोंडे खायचे, भात नाही, पोळी नाही, कुरडई नाही. पाच धोंड्यांवर सासूबाईही खूश आणि यंत्रही.

जेवायच्या वेळी मी न्हाणीघरात जाऊन कडी लावली आणि यंत्राला पाच धोंड्यांचा आकडा दिला. बाहेर आलो तर पाटाभोवती रांगोळी. आधी पाय धुणं झालं, मग कुंकू, मग आहेर, मग ते कपडे घालून येणं, मग ओवाळणं, मग शेजारच्या दोन बायका नारायणाच्या पाया पडायला आल्या. मी पाटावर देवासारखा बसलेलो आणि आत इन्सुलिन कामाला लागलेलं. शेवटी वाढलं तेव्हा मी पहिला धोंडा घाईनंच तोडला.

गोड होता. पण गिळल्यावर जिभेवर काहीतरी मागे राहिलं, जुनं नाणं चोखल्यासारखं. मला वाटलं, पातेल्याची कल्हई उडाली असेल. सासुरवाडीत कल्हईबद्दल बोलायचं नसतं. मी पाचही धोंडे खाली उतरवले.

माझ्या डाव्या हाताला मोठे बाबा बसले होते. मला आता त्यांच्या जेवण्याबद्दल लिहायचं आहे. पुरण कवळीत अडकतं म्हणून त्यांनी बसल्या बसल्या वरची-खालची कवळी काढली आणि तांब्याशेजारी पाटावर मांडली. गुलाबी हिरड्या वर करून ती माझ्याकडे बघत राहिली. मग त्यांनी धोंडा, भात, कटाची आमटी आणि तूप असं सगळं एकत्र कुस्करलं. बोटांच्या फटींतून काला वर यायचा, तो ते परत आत दाबायचे. घास हिरड्यांनी चघळायचे, चोथा राहिला की दोन बोटांनी काढून ताटाच्या कडेला लावायचे आणि थोड्या वेळानं विचार बदलून परत तोंडात टाकायचे. तूप मनगटावरून कोपरापर्यंत गेलं की हात वाकडा करून कोपर चाटायचे. मधेच शिंकले, ताटातच. आणि हे सगळं इतक्या संथपणे, की माझं जेवण संपून अर्धा तास झाला तरी त्यांच्या ताटात दीड धोंडा शिल्लक होता. थोरले जेवत असताना जावयानं उठायचं नाही, म्हणून मी भिंतीकडे बघत बसलो होतो.

कमरेला यंत्र थरथरलं. मी आवाज बंद करून ठेवला होता, थरथर तेवढी राहिली होती. जेवण झालंय, चढल्याचाच इशारा असेल असं समजून मी सदऱ्यावरूनच बटण दाबून ते गप्प केलं. पुन्हा थरथरलं, पुन्हा गप्प केलं. साखर उतरायला लागल्यावर यंत्रानं आपणहून इन्सुलिन थांबवलं होतं, हे मी नंतर पाहिलं. पण आधी गेलेलं ते परत ओढून काढू शकत नाही. माझ्या खिशात नेहमी ग्लुकोजच्या गोळ्या असतात. त्या दिवशी त्या जुन्या पँटच्या खिशात होत्या, कारण आहेराचे नवे कपडे घालूनच पाटावर बसायचं होतं.

मग घाम आला. मानेवरून, पाठीवरून, नव्या सदऱ्याला डाग पडेल इतका. मोठे बाबा काहीतरी सांगत होते, धावडेकरांच्या मोसंबीच्या बागेबद्दल बहुतेक. त्यांचे ओठ हलताना दिसत होते. मी "साखर" म्हणायला गेलो आणि तोंडातून भलतंच काही निघालं. त्या अवस्थेत माणसाला लाज, किळस, नातं, मान काही उरत नाही, एक भूक तेवढी उरते आणि ती आपली वाटत नाही. समोर पिवळं, तुपकट, गोड काहीतरी दिसत होतं. माझा हात गेला.

मी मोठ्या बाबांच्या ताटातला अर्धा चघळलेला धोंडा उचलला आणि तोंडात कोंबला. मग उरलेला. मग कडेला लावलेला चोथासुद्धा. तो कोमट होता, ओला होता, मला सगळं आठवतं. आणि तो गुळाचा होता. खऱ्या, काळपट, चांगल्या गुळाचा. माझे पाच धोंडे कसले होते ते मला त्यांच्या उष्ट्यावरून कळलं.

ओसरीवरची पंगत माना वळवून बघायला लागली. मोठे बाबा हात वर धरून माझ्याकडे बघत होते. कवळी नसल्यामुळे त्यांचे शब्द फुसफुस येत होते. "हे काय करून राह्यले जावईबापू? पिऊन आल्ते का काय?"

सासूबाई स्वयंपाकघराच्या दारात होत्या. त्यांनी माझा चेहरा पाहिला. त्यांना सगळं कळलं, हे मला त्यांच्या डोळ्यांत दिसलं. त्यांनी पदर पुढे ओढला आणि मोठ्या बाबांना म्हणाल्या, "घेतली असंल थोडी, दादा. येताना फाट्यावर दोस्त भेटल्ते म्हणे."

बायको साखरेच्या पाण्याचा पेला घेऊन पळत आली. तिनं तो माझ्या तोंडाला लावला. आईचं वाक्य तिनंही ऐकलं होतं. तिनं ते खोडलं नाही, पेला तिरपा करत राहिली. धाकट्या बहिणीच्या लग्नाचा प्रश्न होता, मला समजतं. समजलं म्हणून राग आला नाही असं नाही.

मला आतल्या खोलीत बाजेवर झोपवलं. बायकोनं यंत्रावरचा आकडा बघितला, तो वर चढत होता. "पडा पंधरा मिनिटं, मी येते," असं कुजबुजून ती पंगतीच्या बायकांकडे गेली, नाहीतर बायका आत डोकावल्या असत्या. तिच्यामागून कुणीतरी बाहेरून कडी घातली. मी छताकडे बघत पडलो. तोंडात दुसऱ्याच्या तोंडाची चव होती. चूळ भरायलाही पाणी नव्हतं.

बाहेरून मोठ्या बाबांचा आवाज आला, आता कवळीसकट. "झोपू द्या त्यांला. उतरंल. कुणी उठवू नका."

ते माझ्या भल्यासाठीच म्हणत होते. आणि तेव्हा मला भीती वाटली. पाटावर वाटली नव्हती, आता वाटली. पुढच्या वेळी याच घरात, बायको माझ्यासोबत नसताना, मी असाच घामाघूम होऊन बरळायला लागलो, तर हे लोक मला असंच प्रेमानं बाजेवर निजवतील, कडी घालतील आणि कुणी उठवू नका म्हणून दारात बसतील. पिणाऱ्याला साखर कोण देतं? त्याला झोप देतात.

कडी निघाली. सासूबाई होत्या, हातात पाण्याचा तांब्या. मी चूळ भरली, तीन वेळा.

"तुमाला तरास नको म्हणून तुमचे येगळे केल्ते," त्या म्हणाल्या. "जालन्याहून ती बिनसाखरेची पावडर मागिवली. सांगितलं असतं तर तुमी म्हणले असते, कशाला. अन् येगळं ताट दिसलं असतं तर दादांनी इचारलं असतं. म्हणून तसेच दिसतील असे केले. रातभर जागून केले."

"मामी, मी मेलो असतो."

"हळू बोला," त्या म्हणाल्या.

त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते खरं होतं. तरी त्या क्षणी मला त्यांची जेवढी किळस आली तेवढी त्या चोथ्याची आली नव्हती. इतकी माया, इतकी मेहनत, आणि शेवटी हळू बोला. मी त्यांना ओलांडून ओसरीवर गेलो.

मोठे बाबा एकटेच लोडाला टेकून सुपारी कातरत बसले होते. बाकीचे पुरुष अंगणात निंबाखाली खाटांवर पसरले होते. मी मोठ्या बाबांसमोर खाली बसलो आणि सदरा वर केला. यंत्र दाखवलं, नळी दाखवली, पोटात गेलेली चकती दाखवली.

"मी पीत नाही, मोठे बाबा. कधीच घेतलेली नाही. मला चौदाव्या वर्षापासून साखरेचा आजार आहे. हे यंत्र औषध देतं. आज हिशेब चुकला आणि साखर उतरली. पुन्हा कधी असं झालं तर मला झोपवू नका. तोंडात साखर घाला. एवढंच सांगायला आलो."

त्यांनी अडकित्ता खाली ठेवला. चष्मा लावला. बराच वेळ नळीकडे बघितलं, मधे एकदा बोट पुढे केलं आणि न लावताच मागे घेतलं. मला वाटलं, हा माणूस समजला. ज्याच्या जेवण्याकडे मला बघवत नव्हतं तोच या घरातला एकटा शहाणा निघणार असं वाटून मला थोडी शरमही वाटली.

"हे आणखी कुणाला दावलं?" त्यांनी विचारलं.

"नाही. तुम्हालाच."

त्यांनी अंगणाकडे पाहिलं. मग आवाज एकदम खाली आणला. "मंग कपडा खाली घ्या. मी काई बघितलं न्हाई. पेलेलं लोकं चार दिवसांत इसरतात, जावईबापू. कोणाच्या घरचा जावई पीत न्हाई? पर ही नळी न्हाई इसरायचे. धावड्याचे तर बिलकुल न्हाई."

सदरा माझ्या हातात तसाच वर धरलेला होता. मान वळवली तर स्वयंपाकघराच्या दारात मेव्हणी उभी होती, चहाचा ट्रे घेऊन. तिनं सगळं ऐकलं होतं. ती माझ्याकडे बघत होती, आणि तिला काय हवं आहे ते ती सांगत नव्हती. तिनं एक शब्द काढला असता, हा किंवा तो, तर मी तसं केलं असतं.

मी सदरा खाली घेतला.

मोठ्या बाबांनी माझ्या पाठीवर थाप मारली आणि अंगणात ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "उतरली बरं का जावईबापूंची."

निंबाखालचे सगळे हसले. मीही हसलो.